दिवे लावणं

ब्रनोहून कार्विनाला दोन तास.
मागच्या सीटवर तीन तऱ्हेचे दिवे, प्रकाश मोजायचं मीटर,
आणि कानात मालकाचं वाक्य: एलईडीच खपव.

बोहुमीर सिकोरा खाणीतून निवृत्त.
खाणसुद्धा निवृत्त.
बैठकीच्या खोलीत अडीच मीटर लांब टाकी,
चौदाशे लिटर समुद्र,
समुद्र नसलेल्या देशात.
खालचा कोळसा काढून काढून इथली जमीन खचलीय,
घर पूर्वेला दोन बोटं कललंय.
"तीस वर्षं कळलं नाही," द्राहुशे म्हणाली,
"टाकीत पाणी भरलं तेव्हा कळलं."
एका पायाखाली लोखंडी पाचर.

आधी मेटल हॅलाइड लावला.
म्हाताऱ्यासारखा खाकरत चार मिनिटं घेतली त्याने,
मग एकदम भर दुपार.
वाळूवर उजेडाची जाळी हलायला लागली,
छतावरही, द्राहुशेच्या चष्म्यावरही.
मी म्हणालो, वीज खातो, पाणी तापवतो,
मग पाणी गार करायला आणखी एक यंत्र,
तेही वीज खातं.
"म्हणजे आमचा जावई," ती म्हणाली.

मग ट्यूबा. आठ.
सगळीकडे सारखा उजेड, सावली नाहीच.
"ऑपरेशन थिएटर," सिकोरा म्हणाला
आणि डाव्या खांद्यावरून हात फिरवला.
मी घाईने बटण बंद केलं.

मग एलईडी, पूर्ण निळा.
पोवळी आतून पेटली, हिरवी, नारिंगी,
जणू प्रत्येकीला काहीतरी आठवलं.
"दिवे लावलेत अगदी!
आता मी नाइटक्लबात बसून स्वेटर विणू?"

मी माझं पाठ केलेलं बोललो:
पाण्यात लाल आधी मरतो, मग पिवळा,
निळा सगळ्यांत खोल उतरतो.
"आठशे चाळीस मीटरवर?"
तिथे काहीच नाही पोचत, साहेब.
"हो," तो म्हणाला. "नाहीच पोचत."

त्याने विचारलं, उजेड जास्त झाला तर?
मी सांगितलं:
पोवळ्याच्या अंगात शेवाळ राहतं, भाडेकरू.
उजेड खातं, भाड्यात साखर देतं.
फार उजेड झाला की मालक बिथरतो,
भाडेकरूला हाकलतो,
आणि पांढरा पडून स्वतःच उपाशी मरतो.
म्हणून पहिल्या आठवड्यात तीस टक्के,
मग पाच-पाचने वाढवायचं.

तो हसला. "आम्हाला कुणी तीस टक्के नाही दिले.
जूनमध्ये पाळी संपली की पिंजऱ्याचं दार उघडायचं
आणि शंभर टक्के तोंडावर."

स्वयंपाकघरात हात धुताना द्राहुशेने सांगितलं:
दिवा घ्यायचा तर पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा,
दिवा परत दिला की बिल्ला खिशात.
यांचा चारशे सतरा.
शेजारच्या खिळ्यावर व्हिलेमचा.
"तो बिल्ला खिळ्यावरच राहिला."
मग तिने नळ बंद केला
आणि विचारलं, बिलात सूट किती?

ठरलं ते असं: चार एलईडी, कडेने दोन ट्यूबा.
(मालक खूश. जाळी थोडी हलते. स्वेटर विणता येतो.)
नऊला झुंजुमुंजू, एकला दुपार,
नऊला कातरवेळ, दहाला अंधार.
"अंधार नको," सिकोरा म्हणाला. "एक टक्का ठेव."
पोवळ्यांना रात्री त्याची गरज नसते.
"माहीत आहे."
द्राहुशेने महिन्याचा खर्च विचारला.
मी हिशेब केला: अकरा क्राऊन.
"ठेव," तीच म्हणाली.

ओलोमोउत्सजवळ आठवलं, मीटर टाकीवरच राहिलं.
फोन केला. साडेदहा वाजले होते.
"मीटर इथेच आहे," तो म्हणाला,
"पण शून्य दाखवतंय."
इतका कमी उजेड ते मोजत नाही, साहेब.
पलीकडे पंपाची घरघर तेवढी ऐकू येत होती.
"असू दे," तो म्हणाला,
"मला दिसतोय."